ॲपवाल्यांना आधी विचारा ‘कुणाकुणाला दिलं?’, मग सांगा ‘पुसून टाका’

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका ॲपवरून पंधरा हजारांचं कर्ज घेतलंत. दोन हप्ते उशिरा गेले, पण शेवटी सगळं फिटलं आणि नो ड्यूज पत्रही आलं. मग ॲप फोनमधून काढून टाकलंत. तरीही तुमच्या दिरांना आणि तुम्ही नोकरी करता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना अजून फोन जातात, कधी ‘बाकी’ मागायला, कधी नवं कर्ज गळ्यात मारायला. तुम्ही विचारलंय की नवा डेटा कायदा आलाय, तर त्याखाली माझी सगळी माहिती पुसायला लावता येईल का? आणि अडीचशे कोटींच्या दंडातलं मला काही मिळेल का?

मी पुण्यात वकिली करतो. माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं अशा ॲपचीच असतात, त्यामुळे जे चालतं आणि जे चालत नाही ते सरळ सांगतो. माहिती पुसायला लावता येते, पण सगळी नाही. दंडातला एक रुपयाही तुम्हाला मिळणार नाही, नुकसानभरपाई मागायची वाट वेगळी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या पत्रात नुसतं ‘माझा डेटा डिलीट करा’ असं लिहू नका. जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो आणि तिथेच अडकतो.

असं का, ते सांगतो. तुमच्या दिरांना फोन करणारा माणूस बहुधा ॲप कंपनीचा नोकर नाही. कर्ज देणारी वित्तसंस्था एक, ॲप चालवणारी कंपनी दुसरी, वसुलीची एजन्सी तिसरी आणि ‘भागीदार’ म्हणून तुमचा नंबर विकत घेणारी मार्केटिंगवाली मंडळी चौथी. तुम्ही पुसा म्हणालात की ॲप कंपनी आपल्या सर्व्हरवरची नोंद पुसते, ‘विनंती पूर्ण केली’ असा दोन ओळींचा मेल पाठवते आणि प्रकरण मिटलं म्हणते. एजन्सीकडची एक्सेल फाइल जिथल्या तिथे राहते. वर तुम्ही नंतर विचारलंत की माझी माहिती कुणाला दिली होती, तर उत्तर येतं की आता आमच्याकडे नोंदच नाही, तुमच्याच सांगण्यावरून पुसली. म्हणून आधी यादी मागायची, ती हातात आली की पुसायला लावायचं.

नव्या कायद्यातही हे दोन वेगळे हक्क आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याचं कलम ११ तुम्हाला विचारण्याचा हक्क देतं. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं तुम्ही काय करता आणि ती ज्या ज्या संस्थांना दिली त्यांची नावं काय, हे सगळं कंपनीनं सांगायचं आहे. कलम १२ मध्ये दुरुस्ती आणि पुसणं येतं. कलम १३ मध्ये कंपनीकडे तक्रार आणि कलम १४ मध्ये आपल्या माघारी हे हक्क कुणी वापरायचे त्याचं नामनिर्देशन. यातलं कलम ११ मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्याच्याबद्दल बोलणारे सगळ्यात कमी.

आता अडचण. कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, पण नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि अंमलबजावणीचे टप्पे पाडले गेले. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमं लगेच लागू झाली. नागरिकांचे हक्क, कंपन्यांची कर्तव्यं आणि दंड या गोष्टींना मात्र अठरा महिने, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत. त्यामुळे आज कुणी तुम्हाला ‘कलम १२ खाली नोटीस काढतो, मंडळात खेचतो’ असं सांगून फी मागत असेल, तर देऊ नका. हे लिहितो आहे तेव्हा ती कलमं चालू झालेली नाहीत.

इथे एक गोष्ट मनापासून खटकते, ती बोलतो. नागरिकाचे हक्क अठरा महिने थांबले, पण याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधल्या खासगी माहितीच्या तरतुदीत जो बदल केला, तो लगेच लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर अशी माहिती द्यावी असं त्याच उपकलमात लिहिलेलं होतं. ते वगळलं गेलं. जनहिताचा आधार आता कलम ८(२) या सर्वसाधारण तरतुदीपुरता उरला आहे. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली आणि केंद्राच्या आधी राज्याचा कायदा झाला, तिथल्या कार्यकर्त्यांना याचं दुःख होणं स्वाभाविक आहे. दुकानदार, ॲपवाला, बँक यांच्यापासून संरक्षण नंतर आणि सरकारी कागदावर पडदा आधी, हा क्रम मला पटत नाही.

पण म्हणून तुमचे हात रिकामे नाहीत. तुमचं प्रकरण कर्जाचं आहे आणि कर्जाला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. ते आजही चालू आहेत आणि खरं सांगायचं तर या बाबतीत नव्या कायद्यापेक्षा जास्त नेमके आहेत. डिजिटल कर्जाचे हे नियम २ सप्टेंबर २०२२ ला आले आणि ८ मे २०२५ च्या निर्देशांत नव्यानं मांडले गेले. त्यांनुसार कर्जाच्या ॲपनं तुमच्या फोनमधली संपर्कयादी, कॉल लॉग, फोटो-फाइली यांना हातच लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन यांची परवानगी केवायसीसारख्या कामापुरती एकदाच आणि तुम्हाला स्पष्ट विचारून घ्यायची. दिलेली संमती मागे घेण्याची आणि ॲपला माहिती पुसायला लावण्याची सोय कर्जदाराला मिळालीच पाहिजे. ॲप परस्पर कुणीही चालवत असो, जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा वित्तसंस्थेचीच राहते.

वसुलीबद्दल रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही. धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, आणि कर्जदाराचे घरचे, मित्र, ओळखीसाठी दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसणं नाही. हप्ता थकलेला असतानासुद्धा हे चालत नाही. तुमचं तर कर्ज फिटलेलं आहे! दिरांचा नंबर तुम्ही स्वतः ‘रेफरन्स’ म्हणून भरला असेल तरी काही बिघडत नाही. ओळख पटवायला दिलेला नंबर वसुलीला वापरायची मुभा त्यातून मिळत नाही.

एकही मेल पाठवण्याआधी कर्ज नक्की कुणी दिलं ते शोधा. ॲपचं नाव म्हणजे कर्ज देणाऱ्याचं नाव नव्हे. मंजुरीपत्र किंवा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता) म्हणून एक कागद मेलवर आलेला असतो, त्यात वित्तसंस्थेचं नाव सापडतं. तो नसेल तर बँक पासबुकात पैसे कुणाच्या खात्यातून आले ते बघा. तेही कळत नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो आणि त्यात तुमच्या नावावरच्या प्रत्येक कर्जापुढे देणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं १ जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर नोंद झालेल्या ॲपची यादीही ठेवली आहे.

वित्तसंस्थेचं नाव कुठेच सापडलं नाही, ॲप यादीत नाही, पैसे कुठल्या तरी व्यक्तीच्या खात्यातून आले होते, असं निघालं तर इथेच थांबा. अशा टोळीला हक्कांची पत्रं पाठवून उपयोग नाही. उलट हा नंबर चालू आहे आणि बाई घाबरलेल्या आहेत, एवढीच खात्री त्यांना पटते. तिथे थेट राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, पैसे गेले असतील तर १९३० ला फोन लावा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर ॲपची माहिती द्या. फोटोत फेरफार करून पाठवायची धमकी आली असेल तर वित्तसंस्था नोंदणीकृत आहे की नाही याचा विचारच करू नका, त्याच दिवशी पोलिसांकडे जा.

तुम्हाला नो ड्यूज पत्र मिळालंय, त्यावरून तुमच्या बाबतीत वित्तसंस्था खरी असावी. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि मेल संकेतस्थळावर आणि ॲपमध्ये असावंच लागतं. त्यांना असा मजकूर पाठवा:

“मी आपल्या ॲपमार्फत घेतलेलं कर्ज (खाते क्रमांक …) दि. … रोजी पूर्ण फेडलं आहे. नो ड्यूज पत्र सोबत जोडलं आहे. माझी माहिती वापरण्यास आणि इतरांना देण्यास मी दिलेली संमती आजपासून मागे घेत आहे. माझ्याविषयी आपल्याकडे कोणकोणती माहिती आहे ते लेखी कळवावं. माझ्या फोनमधली संपर्कयादी, फोटो किंवा मेसेज घेतले असल्यास तसं स्पष्ट लिहावं. ही माहिती आजवर ज्या ज्या वसुली एजन्सींना, मार्केटिंग भागीदारांना व अन्य संस्थांना दिली त्यांची नावं व तारखा द्याव्यात. दि. … रोजी … वाजता … या क्रमांकावरून माझ्या नातलगांना फोन आला. हा क्रमांक आपल्या कोणत्या एजन्सीचा आहे ते सांगावं. वरील तपशील कळवल्यानंतर, कायद्यानं ठेवणं भाग आहे ती सोडून बाकी सर्व माहिती पुसावी, ज्यांना दिली त्यांच्याकडूनही पुसून घ्यावी. जी ठेवाल ती कोणत्या कायद्याखाली आणि किती काळ ठेवणार ते लिहावं.”

‘तपशील कळवल्यानंतर’ हे शब्द गाळू नका, सगळी मेख तिथे आहे. फोनचा दिवस, वेळ आणि नंबर भरल्याशिवायही मेल पाठवू नका. ‘सारखे फोन येतात’ याला कंपनी ‘आमच्याकडून असे फोन जात नाहीत’ असं छापील उत्तर देते. नेमक्या नंबराबद्दल विचारलं की कुणाला तरी खरोखर तपासावं लागतं. मेलबरोबर तोच मजकूर वित्तसंस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानंही पाठवा आणि पावती जपून ठेवा. मराठीत लिहिलंत तरी चालतं. हप्ते उशिरा गेले होते हे लपवू नका. खरं असेल ते लिहिल्यानं तुमची बाजू पडत नाही. नव्या कायद्यात तर खोट्या किंवा उगाच केलेल्या तक्रारीसाठी तक्रारदारालाही दहा हजारांपर्यंत दंड ठेवला आहे.

पुसण्याची सीमाही समजून घ्या. केवायसीची कागदपत्रं आणि व्यवहाराच्या नोंदी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली पाच वर्षं ठेवाव्याच लागतात. तुमचा आधार-पॅन ‘आत्ताच्या आत्ता’ पुसा म्हणालात तर नकार येईल आणि तो नकार बरोबर असेल. क्रेडिट रिपोर्टमधली उशिरा गेलेल्या दोन हप्त्यांची नोंदही खरी असल्यामुळे पुसता येत नाही, आणि ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. मात्र कर्ज ‘बंद’ दिसायला हवं. ते अजून चालू किंवा थकीत दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. या शंभर रुपयांची लोकांना कल्पनाच नसते, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

ॲप काढून टाकलं म्हणजे संमती मागे घेतली, असं मात्र होत नाही. दुकानातून उठून आलात म्हणून उधारीच्या वहीतलं नाव खोडलं जात नाही, तसंच आहे हे. ॲप काढलं की फोनमधून नवीन काही जाणं थांबतं, आधी गेलेलं तिथेच राहतं. आता फोनच्या सेटिंग्जमध्ये परवानग्यांची यादी उघडा आणि ‘कॉन्टॅक्ट्स’वर बोट ठेवून आणखी कोणकोणती ॲप तिथे बसली आहेत ते बघा. टॉर्चच्या ॲपला संपर्कयादी, पंचांगाला मायक्रोफोन, असं हमखास निघतं. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. एका बाईनं फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप घेतलं, ॲपनं संपर्कयादीचीही परवानगी मागितली आणि तिनं ‘हो’ म्हटलं. तरीही, सल्ल्याच्या कामाला संपर्कयादी लागत नाही, म्हणून त्या भागापुरता तिचा होकार धरलाच जाणार नाही. ‘तुम्हीच ॲग्री दाबलं होतं’ हा कंपन्यांचा आवडता युक्तिवाद या तरतुदीपुढे टिकणार नाही.

तुमचे दीर आणि मुख्याध्यापिका बाई यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांचा नंबर ही त्यांची माहिती आहे, तुमची नव्हे. त्यांनी त्या कंपनीला कधीच काही दिलेलं नाही, कुठे ‘ॲग्री’ दाबलेलं नाही. म्हणून त्यांनी स्वतःच्या नावानं स्वतंत्र मेल करावा की माझा नंबर तुमच्याकडे कुठून आला आणि कुणी दिला. दोन वेगळ्या माणसांचे दोन मेल तुमच्या मेलच्या जोडीला गेले की कंपनीला संपर्कयादी उचलली नव्हती असं म्हणणं अवघड जातं. नुसते जाहिरातीचे फोन असतील तर १९०९ वर किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी ॲपवर सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवता येते. पण फोनवर ‘तुमच्या वहिनी फसवणूक करतात’ असं कुणी बोललं असेल, धमकी दिली असेल, नसलेली बाकी उकळायचा प्रयत्न केला असेल, तर ते भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. धमकीसाठी कलम ३५१, बदनामीसाठी ३५६, खंडणीसाठी ३०८. बदनामीचा खटला मात्र न्यायालयात खासगी फिर्याद करून चालवावा लागतो. धमकी आणि खंडणीची तक्रार पोलीस ठाण्यात. तिथे ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकवलं गेलं तर कर्ज फिटल्याचं पत्र पुढे ठेवा. फिटलेल्या कर्जाची मागणी दिवाणी कशी?

मेलला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरून तिच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही, मदतीचा क्रमांक १४४४८. तिथे कंपनीला केलेला मेल आणि त्याची तारीख विचारतात, म्हणून आधीचा मेल महत्त्वाचा. उगाच महिनोन्‌महिने थांबू नका, तक्रारीला मुदत असते.

आता पैशांचं. अडीचशे कोटी हा कमाल दंड आहे, तोही माहितीची सुरक्षा न राखल्याबद्दल, आणि तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई मागायची सोयच नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये दिलेल्या डेटा कायद्याच्या मसुद्यात ती होती, पुढच्या विधेयकातही होती, २०२३ च्या कायद्यात ती गेली. एवढंच नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं भरपाईचं कलम ४३अ सुद्धा मे २०२७ मध्ये रद्द होणार आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ज्याचा हक्क मोडला त्याच्या हाती काहीच लागू नये, हे त्या निकालाशी सुसंगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुमच्यासाठी चांगली वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. व्याज आणि प्रक्रिया शुल्क भरलंत म्हणजे तुम्ही ग्राहक झालात. कंपनी गुरुग्रामची असो की बेंगळुरूची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. तुमच्याएवढ्या रकमेला फी शून्य आहे आणि मुदत दोन वर्षांची. त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च दोन्ही मागा. भरमसाट आकडा टाकू नका. शाळेत काय झालं, कुणासमोर झालं, त्याचा तुमच्या नोकरीवर काय परिणाम झाला हे साध्या शब्दांत लिहिलेलं आयोगापुढे जास्त चालतं.

तुमची बहीण आयर्लंडमध्ये असते आणि तिला तिथल्या कंपनीनं महिनाभरात सगळी माहिती काढून दिली, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. युरोपचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात उत्तराला साधारण एक महिना दिलेला आहे. आपल्या नियमांत तक्रारीच्या निवारणाला नव्वद दिवसांपर्यंत मुदत आहे. एक गोष्ट मात्र आपल्या कायद्यात खास आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठीही त्यात आहे आणि गोव्यातल्या वाचकांसाठी कोकणीही. मे २०२७ नंतर इंग्रजीतल्या चाळीस पानांखाली ‘ॲग्री’ दाबायला लावणाऱ्या प्रत्येक ॲपकडे मराठी मजकूर मागा. मागणी आली नाही तर तो कुणी नीट लिहिणार नाही.

आज एवढं करा: मुख्याध्यापिका बाईंना आणि दिरांना आलेल्या फोनांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे मागवून घ्या, रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल जपायला सांगा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत पुढे वादात सापडते. मग क्रेडिट रिपोर्ट काढून वित्तसंस्थेचं नाव पक्कं करा आणि मेल पाठवा. उत्तर आलं की तुमचं नाव-नंबर झाकून त्याचा मजकूर इथे टाका, पुढचं पत्र कसं लिहायचं ते त्यावरून सांगतो.